फूल आलं की बोलावीन

“मोजलंत का?”

चष्मा कपाळावर सरकवायचा, तर्जनी टेबलाच्या कडेवर दोनदा वाजवायची आणि हा प्रश्न विचारायचा. तुम्ही ‘आज फार उकडतंय’ म्हणा, ‘चहा गार झालाय’ म्हणा, नाहीतर ‘साहेब, मला मुलगी झाली’ म्हणा. मी खरंच म्हणालो होतो, पेढ्यांचा पुडा पुढे करून. साहेबांनी पेढा घेतला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, “वजन किती? मोजलंत का?”

असा एखादा माणूस तुमच्याही कामाच्या ठिकाणी असेल. असला तर माझं दुःख तुम्हाला समजेल. माझ्या वाट्याला मात्र तो दुहेरी आला होता. पिंपरीच्या कारखान्यात साहेब माझे वरिष्ठ, आणि चिंचवडच्या कॉलनीत ते माझ्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर राहायचे. आठ तास तिथे आणि उरलेले इथे.

त्यांचं नाव सांगत नाही. माणूस आता नाही, आणि असता तर आधी मी ते बरोबर लिहिलंय का ते तपासत बसला असता.

आमची खोली म्हणजे कारखान्यातली मापं तपासायची खोली. बाहेर भट्ट्या, प्रेस, घाम, आणि आमच्या जाड काचेच्या दारामागे बारा महिने वीस डिग्री. आत कपाटात आरशासारखे चकचकीत पोलादी ठोकळे असत. कारखान्यातलं प्रत्येक माप शेवटी त्यांच्यावरून तपासलं जायचं. त्यांना उघडं बोट लावायचं नाही, त्यांच्या तोंडावर बोलायचं नाही. “श्वासात पाणी असतं, भोसेकर,” साहेब सांगायचे. भोसेकर म्हणजे मी. पहिले सहा महिने मी त्या खोलीत मान वळवूनच श्वास घेतला.

साहेबांची बायको फार पूर्वी गेली होती. कुंदा ही एकुलती मुलगी. तिला त्यांनी एकट्याने वाढवली, वेण्या घालून शाळेत पाठवली, पुण्याला कॉलेजात घातली. तिथे तिने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा आसामकडचा, शिलाँगला प्राध्यापक. साहेब रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं, राग उतरतो तरी. ते एवढंच म्हणाले, “घाई केलीस. चौकशी नाही, काही नाही.” आणि लग्नाला गेले नाहीत.

वर्षभराने शिलाँगहून एक जवान सुटीवर खडकीला आला. त्याच्याबरोबर कुंदाने बिस्किटांचा पत्र्याचा डबा पाठवला होता. डब्यात ओलं शेवाळ आणि शेवाळात गुंडाळलेली तीन रोपं. पट्टीसारखी हिरवी पानं, दुसरं काही नाही. सोबतच्या पत्रात लिहिलं होतं की हे एक ऑर्किड आहे, आपल्याकडे आमरी म्हणतात त्या कुळातलं. पण झाडावर नाही, जमिनीवर, दगडाच्या खाचेत वाढतं. फूल चपलेच्या चवड्यासारखं असतं. ‘बाबा, तुम्हाला सांभाळायला कुणीतरी हवं म्हणून पाठवते आहे.’

या पत्राला साहेबांनी पाठवलेलं उत्तर मीच पेटीत टाकलं. कार्ड होतं, त्यामुळे वाचलंही. ‘रोपे तीन पोचली. पाने अनुक्रमे चार, पाच, चार. सर्वांत लांब पान एकशे ब्याऐंशी मिलिमीटर. कळावे.’ खाली सही, पूर्ण नावाची.

“मुलीला?” माझी बायको सुमन म्हणाली. “पोटच्या मुलीला असं लिहितात?”

त्या दिवाळीला ती फराळाचं ताट घेऊन वर गेली आणि तिने विषय काढलाच. “काका, कुंदाला बोलवा ना आता. वर्ष होऊन गेलं.”

“बोलावीन,” साहेब म्हणाले. “फूल आलं की बोलावीन.”

“आणि नाही आलं तर?”

“का येणार नाही? न येण्याला कारण असतं. कारण सापडतं.”

कारण सापडायला पाच वर्षं लागली. त्या पाच वर्षांत आमचं काय झालं ते ऐका.

साहेबांनी रोपं गॅलरीत ठेवली. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून पावसाळ्यात पागोळ्यांचं पाणी पिंपात साठवायचं. विटांचे तुकडे आणि कोळसा चाळणीने चाळून एका मापाचे करायचे आणि कुंडीत भरायचे. उन्हाळ्यात भोवती ओली गोणपाटं. त्या गोणपाटांचं तांबूस पाणी बरोबर आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ठिबकायचं. सुमनने तक्रार केली तर साहेब खाली आले, दोरीकडे पाहिलं आणि म्हणाले, “तुमची दोरी बावीस सेंटीमीटर आत घ्या.” दुसऱ्या दिवशी स्वतः खिळे घेऊन आले आणि दोरी आत बांधून गेले. त्या दोरीला आमचं डोकं आपटायचं.

पुढे मिरचीच्या फोडणीवर हरकत आली. मग शेगडीच्या धुरावर. “धुराने पान करपतं, सुमनताई.”

“आणि तुमच्यामुळे मी करपते, त्याचं काय?” सुमन म्हणाली. पण फोडणीच्या वेळी ती खिडकी लावून घ्यायला लागली. एवढंच नाही, मलाही लावायला लावायची.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी व्हर्नियरची मोजपट्टी लावून पानं मोजायची आणि कुंदाला कार्ड टाकायचं. नवी पाने दोन. लांबी इतकी. कमाल तापमान, किमान तापमान. कळावे. तिकडून तिची चार-चार पानी पत्रं यायची. साहेब त्यातलं रोपांपुरतं मोठ्याने वाचायचे आणि घडी घालायचे. “पुढचं घरगुती आहे,” म्हणायचे. मला त्या माणसाचे खांदे धरून गदागदा हलवावेसे वाटायचे.

आणि गंमत म्हणजे रोपांपुरतंही ते ऐकत नव्हते. कुंदा दरवर्षी लिहायची, ‘बाबा, दिवाळीनंतर रात्री त्यांना थंडी लागू द्या. इथे ती उघड्यावर असतात.’ साहेब म्हणायचे, “तिथलं तिथे. इथली थंडी कोरडी. मोजलीय का तिने इथली थंडी?” आणि दिवाळी झाली की रोज संध्याकाळी तिन्ही कुंड्या स्वयंपाकघरात न्यायच्या, वर विरळ घोंगडी टाकायची. मुलगी पोटात असताना सुमनला मी इतकं जपलं नव्हतं. हे तिनेच मला अनेकदा ऐकवलं आहे.

चौथ्या वर्षी उन्हाळा भयंकर पडला. गॅलरीत एकेचाळीस डिग्री. एका रोपाची दोन पानं पिवळी पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी कारखान्याच्या गेटवर साहेबांच्या सायकलच्या हॅण्डलला जेवणाच्या डब्याऐवजी कापडी पिशवी, आणि पिशवीत कुंडी.

गेटवरचा शिपाई चाकणजवळच्या खेड्यातला. त्याने पिशवीत डोकावून पाहिलं. “सायब, ह्ये काय हाय? भाजी?”

“वनस्पती आहे.”

“व्हय, पर आत कशापायी?”

साहेबांनी खिशातून कागद काढला. परत न्यायच्या मालाचा गेटपास, तीन प्रतींत. ‘वनस्पती, एक नग.’ शिपायाने तो उलटा धरून वाचला, शिक्का मारला आणि सलाम ठोकला. मी मागे उभा राहून कपाळावर हात मारून घेतला.

कुंडी आमच्या खोलीत आली. ज्या खोलीत मी सहा महिने मान वळवून श्वास घेतला होता, त्या खोलीत ओली कुंडी!

“साहेब, ओल होईल. ठोकळ्यांना गंज चढेल.”

“अंतर तीन मीटर ठेवलंय. हवेतली ओल मी रोज मोजतोय. मर्यादेत आहे.”

मोजत होते हे खरं. पण जूनमध्ये एका ठोकळ्यावर तीळभर डाग निघाला. बाहेर जायचा माल अडला, सगळी मापं पुन्हा तपासावी लागली. मॅनेजरांनी आम्हाला दोघांनाही बोलावलं आणि माझ्याकडे पाहिलं. “भोसेकर, तुमच्या हाताला घाम येतो का?”

त्या क्षणी माझ्या हातांना घाम आलाच. नोकरी कायम होऊन जेमतेम तीन वर्षं झाली होती, घरात लहान मुलगी होती. साहेबांचं नाव घ्यायला जीभ रेटेना, आणि गप्प बसलो तर दोष माझ्यावर.

“त्यांचे हात कोरडे असतात,” साहेब म्हणाले. “मी रोज बघतो. डाग माझ्या कुंडीमुळे आहे.” आणि त्यांनी टेबलावर अहवाल ठेवला. सोबत खोलीचा नकाशा, त्यात कुंडीची जागा, कपाटाची जागा, मधलं अंतर. निष्कर्ष: दोष माझा. खाली सही.

मॅनेजरसुद्धा गडबडले. “अहो, पण हे लिहून कशाला देताय?”

“घडलं ते लिहिलंय.”

साहेबांची बदली मागच्या शेडमध्ये झाली. तिथे ट्रकमधून कच्चं ओतकाम उतरायचं. वर पत्रा, खाली धूळ. त्यांची खुर्ची मला मिळाली. मी इतका चिडलो होतो की आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. माझ्यासाठी खरं बोलले म्हणून चिडलो होतो, की त्यांचं हे असं झालं म्हणून, ते मला अजूनही नीट सांगता येत नाही. ते कधीतरी दुपारी काचेच्या दाराशी यायचे, आतल्या तापमापकाकडे बघायचे. मी दार उघडून म्हणायचो, “या ना आत.”

“नको. बुटांना धूळ आहे.”

त्याच्या पुढच्या वर्षी ऐन दिवाळीच्या तोंडावर साहेबांना हर्नियाच्या ऑपरेशनसाठी पुण्याला इस्पितळात जावं लागलं. जाण्याआधी त्यांनी मला किल्ली दिली आणि नऊ पानं दिली. नऊ पानं सूचना! पाणी कोणतं, किती, कुंडीच्या कुठल्या बाजूने. संध्याकाळी आत किती वाजता, सकाळी बाहेर किती वाजता. शेवटी तापमान लिहायचा तक्ता.

एक आठवडा मी सगळं केलं. आठव्या दिवशी कारखान्यातून दमून आलो, जिन्याकडे पाहिलं आणि म्हटलं, मरू दे. कुंड्या बाहेरच राहिल्या. नवव्या दिवशीही. पाणी तेवढं घालत होतो, अगदी कसाई नाही मी. पण तक्ता? तो मी दर रविवारी चहा पीत पीत एकदम भरायचो. एकोणीस, साडेएकोणीस, एकोणीस. ‘आत आणल्या: सहा दहा.’ सुमन म्हणाली, “अहो, खोटं कशाला लिहिताय?” मी म्हणालो, “तो माणूस कागद बघतो, रोपं नाही.”

साहेबांची जखम चिघळली आणि पंधरा दिवसांचे सहा आठवडे झाले. त्या वर्षी पवनेकाठी थंडीही अशी पडली की पहाटे समोरची इमारत दिसायची नाही.

डिसेंबरात साहेब परत आले. हातात काठी, एका हाताने कठडा धरून एकेक पायरी चढत वर गेले. दहा मिनिटांनी हाक आली. “भोसेकर, वर या.”

मधल्या कुंडीत, पानांच्या बेचक्यात, बारीक लव असलेला देठ वर आला होता आणि त्याच्या टोकाला चिंचोक्याएवढी कळी होती.

मी आनंदाने ओरडणार होतो. पण साहेबांच्या हातात माझा तक्ता होता.

“पाच वर्षं मी यांना रात्री एकोणीस डिग्रीत ठेवलं. कळी आली नाही. तुम्हीही एकोणीसच लिहिलंय.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “मोजलंत का?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला पहिल्यांदाच भिडला. “नाही,” मी म्हणालो. “पहिला आठवडा सोडला तर सगळ्या रात्री बाहेर होत्या. आकडे मी मनाने भरले. माफ करा साहेब.”

ते ओरडतील असं वाटलं. मापाच्या खोलीत खोटा आकडा लिहिणाऱ्याला मी त्यांना दारापर्यंत नेऊन सोडताना पाहिलं होतं. त्यांनी लाल पेन्सिल घेतली, पाच आठवड्यांवर एक आडवी रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘माहिती नाही.’

“म्हणजे कुंदाचं बरोबर होतं,” ते म्हणाले. आणि कळीकडे बघत, “पाच वर्षं.”

आता तरी हा माणूस तिला पत्र लिहील, असं तुम्हाला वाटलं ना? मलाही वाटलं. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले, “कळी म्हणजे फूल नव्हे.”

कळीने महिना खाल्ला. जानेवारीअखेरीस एका सकाळी फूल उमललं. वर पांढऱ्या काठाची, तपकिरी ठिपक्यांची पाकळी, दोन्ही बाजूंना दोन पिवळसर पाकळ्या आणि मध्ये खरोखरच मोजडीच्या चवड्यासारखी पिशवी. सगळ्यावर वार्निश दिल्यासारखी चकाकी. वास काही नाही. अख्खी कॉलनी बघून गेली. साहेबांनी व्हर्नियर लावला. “एकशे चार.” दुसऱ्या दिवशी, “एकशे सहा. अजून उमलतंय.” तिसऱ्या दिवशी, “एकशे सात.”

चौथ्या दिवशी सुमन कणकेच्या हातांनी जिना चढून वर गेली. मी मागोमाग.

“काका, ती पट्टी खाली ठेवा.”

“सुमनताई, हा व्हर्नियर—”

“जे काय असेल ते खाली ठेवा. फूल आलंय हे आंधळ्यालाही दिसतंय. तुम्ही बोलवाल आणि ती नाही म्हणेल, ही तुमची भीती आहे.”

मी डोळे मिटून घेतले. साहेबांशी असं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. त्यांनी व्हर्नियर पुसला, मखमलीच्या पेटीत ठेवला, पेटीचं झाकण लावलं.

“तेही आहे,” ते म्हणाले.

तार करायला मी त्यांच्याबरोबर पोस्टात गेलो. फॉर्मवर त्यांनी लिहिलं, ‘फूल आले. तुझे बरोबर होते. ये.’ खिडकीतल्या कारकुनाने पाठवणाऱ्याचं नाव विचारलं. साहेबांनी सवयीने पूर्ण नाव लिहिलं, मग ते खोडून ‘बाबा’ लिहिलं. कारकून म्हणाला, “असं चालतं का?” मी त्याच्यावर असा खेकसलो की तो मुकाट्याने तार पाठवायला बसला.

उत्तर आलं नाही. सहा दिवस झाले, सात झाले. साहेब फूल मोजेनासे झाले. गॅलरीत काठीवर हात ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभे असायचे. आता मला कुंदाचाही राग यायला लागला. बाप तसा, लेक अशी.

नवव्या दिवशी दुपारी रिक्षा थांबली. एक बाई उतरली, चार वर्षांच्या मुलीचा हात धरलेला. आम्ही जिन्याखालीच होतो. साहेब अर्ध्या जिन्यात आले आणि थांबले. बाप-लेक सहा वर्षांनी एकमेकांना बघत होते. आणि साहेब काय म्हणाले असतील?

“गाडी किती लेट?”

“नऊ तास, बाबा.”

“कुठे थांबली? मनमाडला?”

मी कपाळावर हात मारणार होतो, एवढ्यात त्या छोट्या मुलीने तिच्या भाषेत आईला काहीतरी विचारलं. कुंदा हसली. “विचारतेय, आजोबा रडतायत का?”

“नाही,” साहेब म्हणाले. “सर्दी आहे.”

माझ्या मागून सुमन हळूच म्हणाली, “मोजलीत का?”

आम्ही वर गेलो नाही. पण वरचं बोलणं खाली ऐकू येतंच. कुंदा गॅलरीत बसून हसत होती. “बाबा, यासाठी पाच वर्षं? आमच्या घरामागे शेळ्या खातात ही.”

“किती?”

“काय किती?”

“शेळ्या.”

ते फूल दोन महिने टिकलं. कुंदाही जवळजवळ तितके दिवस राहिली. पुढे ती बहुतेक हिवाळ्यांत यायची, एकदा जावईही आले. साहेब सुधारले म्हणाल तर अजिबात नाही. थंडी लागू द्यायची हे पटल्यावर त्यांनी थंडी मोजायला घेतली, आणि पहाटे गारठा पुरेसा नसला तर मला जबाबदार धरल्यासारखे बघायचे. निवृत्तीनंतर तर दिवसभर मोकळेच होते. तीन कुंड्यांच्या अकरा झाल्या. आमच्या मुलीच्या लग्नात हिशेबाने फुलं यावीत म्हणून त्यांनी पंधरा वर्षं आधीच आराखडा करायला घेतला होता.

तो पुरा झाला नाही. एका मार्गशीर्षात दुपारी खुर्चीत बसल्या बसल्या साहेब गेले. कुंदा दिवसांना पोचली. तेराव्यानंतर तिने घर आवरलं, कुंड्या शेजाऱ्यापाजाऱ्यांत वाटल्या. तीन स्वतःसाठी ठेवल्या. एक माझ्यासमोर धरली. “दादा, ही तुम्ही घ्या.”

“नको गं,” मी म्हणालो. “ती पागोळ्यांची पिंपं, ती गोणपाटं, तो तक्ता. उभा जन्म पुरे झाला मला.”

तिने आग्रह केला नाही. सुमनने मात्र माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे बघायला लागलो.

कुंदाला पुणे स्टेशन गाठायचं होतं. रिक्षात एक कुंडी तिच्या मांडीवर, दोन पायांशी. मांडीवरच्या कुंडीत कळी होती, ती तिने शालीच्या पदराखाली घेतली होती. रिक्षावाला काळेवाडीचा तरणा गडी. पन्नास पावलांवर त्याने मागे वळून पाहिलं. “ताई, एवढ्या हळू गेल्यावर संध्याकाळ व्हईल.”

“होऊ दे, भाऊ. खड्डा आला की आधी थांबायचं, मग चाक खाली सोडायचं.”

पहिली पाळी सुटली होती. मागे कारखान्यांच्या बसगाड्यांची रांग लागली, हॉर्न वाजायला लागले. कुंदाने मान वर केली नाही. मी निरोप द्यायला रिक्षाबरोबर चालत निघालो होतो. पार हमरस्त्यापर्यंत चालत गेलो, एक हात हुडावर ठेवून, आणि कुठेही मला भरभर पाऊल उचलावं लागलं नाही.